किल्ल्यावर अन् अभयारण्यात डबे लपवायचे का? मेळाव्याआधी बोलून घेऊ

तापीकाठ
हिवाळ्यात आपला जिओकॅशिंगवाल्यांचा मेळावा धुळ्याजवळच्या लळिंग किल्ल्याच्या पायथ्याशी घ्यायचं चाललंय, जळगाव धुळे नंदुरबार तिकडून सगळे येणार, भरीत-पुरीही ठरलीये. त्याआधी माझं मत मांडतो. किल्ला, लेणी, जुनं देऊळ अन् अभयारण्य, इथे डबा लपवायचाच नाही. नवीन लोकांसाठी सांगतो, झाकणाचा छोटा डबा, आत नोंदवही, जागेचे अक्षांश-रेखांश ॲपवर, एकाने लपवायचा अन् बाकीच्यांनी शोधून वहीत नाव लिहायचं, एवढाच खेळ. पण नुकसान डब्याने होत नाही, शोधणाऱ्याच्या हातांनी होतं. कड्याखाली नि दाट झाडीत मोबाईलचं जीपीएस सहज पाच-दहा मीटर इकडेतिकडे दाखवतं, मग माणूस तेवढ्या पट्ट्यातला एकेक दगड उचकून बघतो, कपारीत हात घालतो, तटाचा सुटा दगड काढला की परत तसा बसत नाही. त्यात गुप्तधनाच्या नादाने किल्ले खणणारे आहेतच. चार पोरं मोबाईल धरून भिंती चाचपताना दिसली तर गुराखी काय समजेल?

सातपुडा भटक्या
नाही पटलं भो. किल्ला नाही, जंगल नाही, मग लपवायचा कुठे, बसस्टँडवर? या खेळापायीच आपली पोरं लळिंग, सोनगीर, भामेर चढायला लागली. नियम आहेतच की, जमिनीत पुरायचा नाही, खायची वस्तू ठेवायची नाही, दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर, जागा ज्याच्या ताब्यात त्याची परवानगी. तेवढे पाळा ना, सरसकट बंदी कशाला? अन् पहिला डबा, ३ मे २००० ला अमेरिकेत ओरेगॉनमध्ये डेव्ह उल्मरने ठेवला तो, अर्धा जमिनीत पुरलेलाच होता.

तापीकाठ
होता ना, पण तेव्हा खेळ एका दिवसाचा होता. आदल्याच दिवशी अमेरिकेच्या सरकारने जीपीएसमधली मुद्दाम ठेवलेली चूक काढली होती अन् हा गडी अचूकपणा तपासत होता. पुढे माणसं वाढली म्हणून न पुरण्याचा नियम आला. आता परवानगीचं बोल. किल्ल्यासाठी पुरातत्त्व खात्याकडे किंवा अभयारण्यासाठी वनखात्याकडे आपल्यातलं कोण अर्ज घेऊन गेलंय?

गिरणेची लेक
दादा, दोघांच्या मधला रस्ता आहे की. पाटणादेवी गौताळा अभयारण्यात येते, तिथे डबा नकोच. पण तिथल्या महादेवाच्या देवळाचे खांब मोजा, पायऱ्या मोजा, त्या आकड्यांवरून पुढचे अक्षांश काढा अन् डबा ठेवा चाळीसगावच्या वाटेवर ओळखीच्या हॉटेलात, मालकाला सांगून. देऊळ बघून होतं, दगडाला हात लागत नाही, गावातल्या माणसाचा चार कप चहा खपतो. अन् अर्थकॅश, म्हणजे याच खेळातला दगड-जमीन बघायचा प्रकार, त्याला तर डबाच लागत नाही! धुळे-नंदुरबारकडे शेतातून भिंतीसारखे उभे काळ्या दगडाचे डाईक गेलेत, लाव्हा भेगेत थिजून झालेले. तिथे जाऊन दगड निरखायचा अन् प्रश्नाचं उत्तर पाठवायचं. जागेवाल्याला विचारून हं, शेत कोणाचंतरी असतंच.

भुसावळवाला
माझी एकच भर. स्टेशन, पूल, धरण, शाळा इथे डबा बिलकुल नको. बेवारस डबा दिसला की लोक पोलिसांना फोन लावतात आणि बरोबरच करतात. डबा पारदर्शक घ्या, वरून मराठीत ठळक लिहा की हा खेळाचा डबा आहे, फोन नंबर पण टाका.

सातपुडा भटक्या
ताईचं हॉटेलवालं मान्य. पण लळिंगवर एकही नाही हे अजून पटत नाही. वर पाण्याच्या टाक्यांपर्यंत पोरांनी जायला काहीतरी निमित्त हवं.

तापीकाठ
टाक्यांपर्यंत जाऊच की, गोण्या घेऊन. सीआयटीओ, म्हणजे डबा शोधता शोधता कचरा उचलायचा, हे या खेळात २००२ पासून चालू आहे. सकाळी ऊन चढायच्या आत बाटल्या नि पुड्या खाली आणू, मग भरीत. अन् डब्याचंच म्हणशील तर आधी अर्ज टाक, लेखी होकार आला तर मी विरोध करणार नाही.

सातपुडा भटक्या
टाकतो. मसुदा इथेच देतो सोमवारपर्यंत, ताई तू बघशील का एकदा?