तुमचा डोंगर कुठल्या उजेडात टिपलात? सह्याद्रीचे अनुभव

मंडळी, आपापला लाडका डोंगर, त्याचा आवडता प्रहर आणि तो कॅमेऱ्यात (मोबाइलही चालेल) कसा उतरला, ते सविस्तर लिहा. सुरुवात मी करतो.

राजगडाच्या सुवेळा माचीवर झुंजूमुंजू व्हायच्या आत पोचायचं आणि सूर्याकडे पाठ करायची. सगळे उगवतीचे फोटो काढत असतात, तेव्हा मागे बालेकिल्ल्याचा काळा कातळ आधी जांभळट, मग तांबूस होत जातो. ऊन तिरपं असेतो लाव्ह्याचे थर वेगवेगळे उठून दिसतात. ते वर चढलं की कडा सपाट दिसायला लागतो.

* * *

दादा, पाठ करण्याबद्दल अगदी सहमत. हरिश्चंद्रगडावर इंद्रवज्र दिसतं ते तसंच. कोकणकड्याचं तोंड पश्चिमेला. सकाळचं ऊन पाठीवर होतं, समोर दरीत ढग दाटलेला आणि त्यावर सात रंगांचं पूर्ण गोल कडं. मधोमध माझ्या डोक्याची सावली! शेजारच्या मैत्रिणीला मात्र मधोमध तिचीच सावली दिसत होती. ज्याचं इंद्रवज्र त्याचं त्यालाच दिसतं. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने इथल्या अशा दृश्याचं वर्णन १८३५ साली छापलं होतं.

फोटोचं म्हणाल तर पांढऱ्या ढगामुळे कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर फसतं आणि ढग राखाडी येतो. मी एक्स्पोजर किंचित वाढवते, रंग फिके पडायला लागले की थांबते. ढग हलला की कडं पुसलं जातं, पुन्हा उमटतं. दोन-चार फोटो झाले की कॅमेरा बाजूला ठेवून डोळे भरून बघावं, असं मला मनापासून वाटतं. आणि कड्याच्या टोकाशी पालथं झोपूनच बघा, उभं राहू नका.

* * *

आमचं घरच कळसूबाईच्या पायथ्याला. आषाढात डोंगर कित्येक दिवस दिसत नाही, नुसता ओहोळांचा आवाज येतो. घटस्थापनेच्या सुमारास हवा निवळते. मग सकाळचं ऊन आधी वरच्या देवळाला लागतं, नंतर शिड्यांच्या कातळाला, आणि उतरत उतरत भाताच्या खाचरात येतं. माझ्याकडे साधा मोबाइल आहे. स्क्रीनवर शिखरावर बोट टेकवायचं आणि उजेड थोडा कमी करायचा, म्हणजे आभाळ पांढरंफटक येत नाही. पाहुणे १६४६ मीटरच्या माथ्यावरून खालचे फोटो काढतात. लावणीच्या दिवसांत उघडीप मिळाली तर खालूनही काढा. खाचरातल्या पाण्यात आख्खा डोंगर उतरतो.

* * *

मे महिन्यातल्या धुरकट हवेला नावं ठेवू नका. रतनगडाच्या नेढ्यातून (कातळातल्या आरपार भोकातून) अलंग-मदन-कुलंग या किल्ल्यांकडे बघा. जवळचा डोंगर गडद, मागचे फिके होत गेलेले. असे पदर स्वच्छ हवेत येत नाहीत.

* * *

एक कळकळीची विनंती. पावसाळ्यानंतरच्या फोटोंचे रंग वाढवू नका. सोनकीचा पिवळा ताणला की पाकळ्या दिसेनाशा होतात, नुसता पिवळा डाग उरतो. शिवाय असले फोटो बघून आलेल्याला खरा डोंगर फिका वाटतो, त्याचं फार वाईट वाटतं. ओल्या कातळाची आणि गवताची चकाकी पोलरायझरने (लेन्सवर लावायच्या फिरत्या फिल्टरने) जागेवरच कमी करता येते, त्यानेच हिरवा पुरेसा गडद होतो. फक्त फिल्टर फिरवताना सूर्य डाव्या किंवा उजव्या हाताला ठेवा. तो थेट समोर किंवा पाठीशी असला तर आभाळावर फारसा फरक पडत नाही.