एकाच रात्री कौले उडाली आणि स्लॅबचा गिलावाही कोसळला. ‘देखभालीचा अभाव’ म्हणून दोन्हींचा दावा नाकारता येतो का?

प्रश्न : सोप्यातला

आमचे घर मंगळवार पेठेत असून पुढचा सोपा (ओसरी) मंगलोरी कौलांचा आणि मागचे स्वयंपाकघर सुमारे चाळीस वर्षांपूर्वीच्या स्लॅबचे आहे. गेल्या जुलैत वादळी पावसाच्या एका रात्री सोप्यावरची शंभराहून अधिक कौले उडाली आणि पहाटे स्वयंपाकघराच्या छताचा गिलावा ओट्यावर पडला. घरावर भारत गृह रक्षा पॉलिसी आहे. सर्व्हेअर (नुकसानीची पाहणी करणारे) येऊन गेले, त्यांनी फोटो घेतले, आणि महिन्याभरात कंपनीचे पत्र आले की नुकसान दीर्घकालीन गळती व देखभालीच्या अभावामुळे झाले असल्याने दावा मान्य करता येत नाही. सोप्याची शाकारणी (कौले उतरवून नीट बसवणे) आम्ही दरवर्षी मे महिन्यात करतो, परंतु आमचे गवंडी पावती देत नाहीत. गच्चीला मात्र बरीच वर्षे हात लावलेला नाही, हे मान्य करतो. अशा वेळी विमा असून नसल्यासारखाच समजायचा का?

उत्तर १ : जुना सर्व्हेअर (निवृत्त)

आपल्या पत्रात कंपनीने दोन वेगळ्या घटनांची एकच मोट बांधली आहे, आणि आपणही दावा भरताना बहुधा तेच केले असावे. विम्यात पहिला प्रश्न ‘घर जुने आहे का’ किंवा ‘मालक हयगयी आहे का’ हा नसतो. नुकसान कशामुळे झाले, हा असतो. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या या प्रमाणित पॉलिसीत आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, भूस्खलन, पाण्याची टाकी किंवा नळ फुटणे अशा घटनांची यादी आहे. वाऱ्याने कौले उडणे हे त्या यादीत सरळ बसते. गच्चीतून वर्षानुवर्षे पाणी मुरत राहून सळई गंजणे आणि फुगलेल्या सळईने गिलावा ढकलून देणे ही घटना नव्हे, ती झीज आहे. त्या रात्री तिचा फक्त शेवट झाला.

हा फरक सर्व्हेअर डोळ्यांनी ओळखतो. पडलेल्या गिलाव्याच्या जागी सळईवर पापुद्रे सुटलेला गंज दिसला, भोवती ओलीची पिवळी वर्तुळे एकात एक दिसली, भिंतीला लोणा लागलेला असला, तर ते एका रात्रीचे काम नाही. याउलट कौल ताजे फुटले असेल तर फुटीची कड लालभडक असते, आणि जुनी फूट असेल तर कडेवर काळपट शेवाळ धरलेले असते. तुकडे फेकून दिले नसतील तर जपून ठेवा.

देखभालीची अट पॉलिसीत असते, हे खरे. घर सुस्थितीत ठेवणे आणि नुकसान टाळण्यासाठी वाजवी काळजी घेणे ही विमेदाराची जबाबदारी आहे, आणि नुकसान हेतुपुरस्सर केलेले असेल तर दावा बाद होतो. परंतु गच्चीची डागडुजी राहिली म्हणून सोप्याच्या कौलांचा दावा बाद करणे मला पटत नाही, कारण त्या दोहोंचा एकमेकांशी कार्यकारणसंबंधच नाही.

कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे फक्त कौलांपुरता लेखी अर्ज करा. पावती नसेल तर त्याच गवंड्याकडून तारखेसह लेखी घ्या आणि मे-जूनमधला छप्पर दिसेल असा कोणताही जुना फोटो शोधा. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर एका वर्षाच्या आत पुण्याच्या विमा लोकपालांकडे (विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणारे अधिकारी) जाता येते. तिथे शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही.

उत्तर २ : दुधाळीकर

काकांचे म्हणणे माझ्या अनुभवाशी जुळते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ५५ फुटांची पातळी ओलांडली (धोक्याची पातळी ४३ फूट), तेव्हा आमच्या तळमजल्यात कंबरेइतके पाणी होते. त्या दाव्यात शाकारणी, रंगकाम, गच्ची यांपैकी कशाचीही विचारणा झाली नाही. भिंतीवर पाण्याची रेघ होती, तेवढी पुरेशी ठरली. घासाघीस झाली ती एका कोपऱ्यावरून, कारण तिथे पुराच्या रेघेच्या वर जुनी ओल होती. तेवढा गिलावा त्यांनी वजा केला आणि खरे सांगायचे तर तो योग्यच वजा केला.

उत्तर ३ : गिलावा आणि गच्ची

बांधकामाच्या बाजूने थोडेसे. गच्चीच्या गळतीत सर्वांत आधी पाहायची जागा म्हणजे पाणी उतरण्याच्या पाइपचे तोंड आणि कठड्याचा खालचा सांधा. पाला अडकून तोंड बुजते, पाणी साचते आणि मग ते वाट शोधते. कोबा (गच्चीवरचा सिमेंटचा थर) उखडून नवा करण्याआधी हे तोंड साफ करून, सांधे भरून एक पावसाळा पाहावा. अर्धा खर्च तिथेच वाचतो. मात्र सळई उघडी पडली असेल तर थांबू नये. आणि हा खर्च विम्यातून निघेल, ही आशा सोडावी. नळ अचानक फुटला तर ती घटना असते. सांध्यातून वर्षभर थेंब थेंब गळत राहिले तर त्याला कोणी घटना म्हणत नाही.

सोप्यातला

काका, आपल्या सांगण्याप्रमाणे स्वयंपाकघराचा भाग सोडून नवा अर्ज आज दिला. गवंड्यांनी लिहून द्यायचे कबूल केले आहे. फोटो मात्र अनपेक्षित ठिकाणी सापडला: मे महिन्यात चटणीसाठी अंगणात मिरच्या वाळत घातल्या होत्या, तो फोटो पत्नीने बहिणीला पाठवला होता. त्यात मिरच्यांच्या मागे सोप्याचा पुढचा उतार आढ्यापासून वळचणीपर्यंत दिसतो, आणि एकही कौल हललेले नाही.