ओसाकातील स्नानगृहात रात्रीचा मुक्काम करावा का? सौभाग्यवतींना गोंदण आहे

पैनगंगाकाठ (उमरखेड तालुका)

नमस्कार. मी शेतकरी असून माझे वय ६३ वर्षे आहे. मुलगा जपानमध्ये नागोया येथे नोकरीला आहे आणि कापसाची शेवटची वेचणी आटोपली की फेब्रुवारीत आम्ही दोघे पतीपत्नी त्याच्याकडे जाणार आहोत. परतीचे विमान ओसाकाहून पहाटे असल्यामुळे आदली रात्र तेथेच काढावी लागेल. मुलाचे म्हणणे असे, की रात्रभर उघड्या असणाऱ्या एखाद्या मोठ्या स्नानगृहात राहावे, कारण गरम पाण्याची कुंडे, सौना आणि पाठ टेकायला जागा हे सर्व तेथे एकाच प्रवेशमूल्यात मिळते.

गरम पाण्याच्या कुंडाचे मला नवल नाही. नदीपलीकडच्या उनकेश्वरला मी लहानपणापासून जात आलो आहे, पण तेथे आपण पंचा गुंडाळून पाण्यात उतरतो. जपानमध्ये अंगावर सूतही ठेवता येत नाही असे कळले, आणि शेजारी स्वतःचा मुलगा असेल. दुसरी अडचण याहून मोठी आहे. सौभाग्यवतींच्या दोन्ही हातांवर आणि हनुवटीवर गोंदण आहे, ते त्यांच्या आईने लग्नाआधी काढून घेतले होते, आणि गोंदण असलेल्या माणसाला तेथे आत घेत नाहीत असे मुलाने कुठेसे वाचले आहे. ऐकल्यापासून त्या मनातून खट्टू झाल्या आहेत. तिसरे म्हणजे मला रक्तदाबाची गोळी चालू आहे. जाणकारांनी कृपया सांगावे.

हिंगणघाटकर

काकाजी, मी सहा वर्षे ओसाकाच्या परिसरात राहिलो आणि शेवटची लोकल चुकल्यामुळे कितीतरी रात्री अशा ठिकाणी काढल्या, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी शब्द समजून घ्यावेत. जमिनीतून येणाऱ्या पाण्याचे ते 'ओनसेन'. १९४८ च्या जपानी कायद्यानुसार उगमाशी किमान २५ अंश तापमान किंवा ठरावीक खनिजे असतील तरच तसे म्हणता येते, म्हणजे आपले उनकेश्वर सहज त्यात बसेल. साधे पाणी तापवून चालवलेले मोहल्ल्यातील स्नानगृह म्हणजे 'सेंतो', आणि मुलगा म्हणतो ते बहुधा 'सुपर सेंतो' असावे, ज्यात उपाहारगृह आणि विश्रांतीची दालनेही असतात. मात्र सगळी सुपर सेंतो रात्रभर उघडी नसतात. पुष्कळशी मध्यरात्रीच्या सुमारास बंद होतात. जी उघडी राहतात ती मध्यरात्रीनंतर थांबण्याचे वेगळे पैसे घेतात आणि साफसफाईसाठी कुंडे काही तास बंद ठेवतात. मुलाने या तिन्ही गोष्टी आधी विचारून घ्याव्यात.

दारात चपला काढून छोट्या कपाटात ठेवायच्या. मनगटात अडकवायची एक किल्ली मिळते आणि आतला सगळा खर्च, अगदी दुधाच्या बाटलीपर्यंत, तिच्यावर नोंदवून निघताना एकदम चुकता करायचा असतो. पुरुषांचा आणि बायकांचा भाग पूर्ण वेगळा असतो.

आता संकोचाबद्दल. कपडे उतरवण्याच्या दालनातून आत गेल्यावर प्रथम दिसते ती भिंतीलगत मांडलेल्या बुटक्या चौरंगांची ओळ, आणि प्रत्येकापुढे एक लहान घंगाळ व नळ. तिथे बसून साबणाने अंग, डोके, पायांच्या बोटांच्या बेचक्या, सर्व घासून धुवायचे आणि नंतरच कुंडाकडे वळायचे. पहिल्या दिवशी मला आजोबांची आठवण आली. तेही अंगणातल्या दगडावर असेच पाट घेऊन, घंगाळातले पाणी तांब्याने अंगावर घेत सावकाश न्हात. कुंडातले पाणी सर्वांचे असते, म्हणून मळ, साबण आणि कापड यांपैकी काहीही त्यात जाता कामा नये. पिण्याच्या विहिरीवर आपण जी शिस्त पाळतो तीच ही आहे, आणि हे एकदा पटले की नागवेपणाचा प्रश्न मागे पडतो. हातात एक छोटा टॉवेल असतो. चालताना तो पुढे धरता येतो आणि पाण्यात बसल्यावर घडी करून डोक्यावर ठेवतात. कोणी कोणाकडे पाहत नाही. माझ्यासोबत माझे वडीलही एकदा आले होते. पाच मिनिटे ते भिंतीकडे तोंड करून बसले, नंतर मात्र ४१ अंशांच्या पाण्यात गळ्यापर्यंत बसून त्यांनी यंदाच्या तुरीच्या भावाचा विषय काढला.

सौना म्हणजे लाकडी फळ्यांची कोरडी खोली, तापमान बहुतेक ठिकाणी ८० ते १०० अंश. आपल्याकडच्या मे महिन्यातल्या ४६ अंशांवरून तुलना करू नये. हवा कोरडी आणि मुक्काम काही मिनिटांचा, म्हणून ती सोसते. वरची पायरी अधिक तापते, तेव्हा खालीच बसावे. भिंतीवर एक वेगळे घड्याळ असते, त्याचा काटा १२ मिनिटांत एक फेरी पूर्ण करतो. बाहेर आल्यावर घाम धुऊन लोक थंड कुंडात उतरतात आणि मग खुर्चीवर निवांत पडून राहतात. त्या अवस्थेला जपानी लोक 'तोतोनोउ' म्हणतात. आपल्या भाषेत अंगाची घडी बसणे.

झोपण्यासाठी मंद दिव्यांच्या दालनात मागे कलणाऱ्या खुर्च्या आणि पांघरूण मिळते. ज्यांना आडवे व्हायचे असेल त्यांनी कॅप्सूल, म्हणजे एका माणसापुरती झोपायची पेटीवजा जागा, असलेले ठिकाण पाहावे. पहिले कॅप्सूल हॉटेल १९७९ साली ओसाकातच निघाले, आणि तेही सौनात रात्र काढणाऱ्या गिऱ्हाइकांची सोय म्हणून. वास्तुविशारद किशो कुरोकावा यांनी त्याची रचना केली होती. कॅप्सूलचे मजले पुष्कळदा फक्त पुरुषांसाठी असतात, तेवढे काकूंकरिता तपासावे.

वाशीमची सून

काकाजी, गोंदणाबद्दल मी लिहिते, कारण सासूबाईंना घेऊन गेले तेव्हा हाच प्रश्न आमच्यासमोर होता. एका ठिकाणी आम्हाला दारातूनच परत पाठवले आणि सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आले. ते मी अजून विसरलेले नाही.

ही बंदी मुळात तिथल्या गुन्हेगारी टोळ्यांमुळे आली आहे, कारण त्या टोळ्यांतील माणसे अंगभर गोंदवून घेतात. आपल्या बायकांच्या तुळशीवृंदावनाशी आणि हनुवटीवरच्या ठिपक्यांशी तिचा काहीही संबंध नाही, पण दारातला कर्मचारी नियमाप्रमाणेच वागतो. २०१३ साली होक्काइदो बेटावरील एका स्नानगृहाने न्यूझीलंडच्या एका माओरी (तिथल्या मूळ रहिवासी समाजातील) महिलेला चेहऱ्यावरच्या पारंपरिक गोंदणामुळे प्रवेश नाकारला आणि त्यावर जपानमध्ये बरीच चर्चा झाली. २०१५ साली सरकारच्या पर्यटन विभागाने हॉटेले आणि मुक्कामाची ठिकाणे यांची पाहणी केली, तेव्हा सुमारे ५६ टक्के ठिकाणी गोंदण चालत नव्हते, तर साधारण ३१ टक्के ठिकाणी कोणतीच आडकाठी नव्हती.

त्यामुळे मुलाने फोन करून हातावर आणि हनुवटीवर लहान गोंदण आहे असे स्पष्ट सांगावे. काही ठिकाणी त्वचेच्या रंगाची चिकटपट्टी लावली की चालते. हातावर ते सोपे, हनुवटीचे मात्र आधी विचारलेच पाहिजे. मोहल्ल्यातील साध्या सेंतोत सहसा हरकत घेत नाहीत, पण तिथे रात्री राहता येत नाही. आम्ही शेवटी तासावर भाड्याने मिळणारे खासगी कुंड घेतले. त्याला 'काशिकिरी' म्हणतात. सासूबाईंनी तिथे पाऊण तास मनसोक्त पाय सोडले.

रात्री बायकांसाठी राखीव विश्रांतीचे दालन आहे का, हेही विचारावे. आपण शाकाहारी असाल तर तिथल्या सूपांत आणि नूडल्सच्या रश्शात माशांचा अर्क असतो, आणि बाहेरचे खाणे आत नेऊ देत नाहीत. म्हणून दशम्या आणि चटणी स्थानकावरच खाऊन जावे.

ग्रामीण रुग्णालयातील वैद्यकीय अधिकारी

रक्तदाबाच्या गोळीवर असलेल्या माणसाने सौना आणि थंड कुंड यांच्या वाटेला जाऊ नये, असे माझे मत आहे. गरम पाण्यात रक्तवाहिन्या रुंदावतात आणि दाब उतरतो, त्यामुळे झटकन उठल्यास चक्कर येते. थंड पाण्यात एकदम उतरले की तोच दाब अचानक चढतो. फेब्रुवारीत बाहेरची हवाही बोचरी असते. सर्वांत कोमट कुंड निवडावे, छातीपर्यंतच बसावे, सात-आठ मिनिटांत कठडा धरून हळूहळू उठावे आणि आधी-नंतर पाणी प्यावे. जेवणानंतर लगेच जाऊ नये. प्रकृती तपासलेली नसताना कोणीही लेखी सल्ल्यावर विसंबू नये, म्हणून निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना एकदा भेटा.

पैनगंगाकाठ (उमरखेड तालुका)

सर्वांचे मनापासून आभार. हनुवटीवर पट्टी लावून आत जाण्यास सौभाग्यवती तयार नाहीत. आईच्या हातची खूण झाकणार नाही, असे त्या स्पष्ट म्हणाल्या आणि मलाही ते पटले. त्यामुळे मुलगा आता खासगी कुंड असलेली जागा शोधत आहे. रात्री विमानतळाजवळच्या साध्या हॉटेलात राहू. सौना मी बाहेरूनच पाहीन, ते १२ मिनिटांचे घड्याळ मात्र दाखव म्हणून मुलाला सांगितले आहे.