मदत हवी आहे : निगेटिव्ह पातळ (फिकट) येतायत, दोष कॅमेऱ्यातल्या सेलचा की डेव्हलपरचा?

मंडळी, गेल्या महिन्यात हौसेने बरीच खरेदी झाली. एक जुना रेंजफाइंडर कॅमेरा, फिल्म धुवायची डेव्हलपिंग टँक, डी-७६ या डेव्हलपरची पावडर, फिक्सर (चित्र पक्कं करणारं रसायन) आणि एचपी५ प्लस या ब्लॅक अँड व्हाइट फिल्मचे चार रोल. (घरात फक्त दोनच सांगितलेत.)

पहिला रोल डी-७६ १+१ (एक भाग डेव्हलपर, एक भाग पाणी), २० अंशांवर ११ मिनिटं धुतला. निगेटिव्ह अगदी पातळ, सावल्यांत तपशीलच नाही. पण फिल्मच्या कडेचे, कारखान्यातच उमटवलेले आकडे आणि अक्षरं छान काळीभोर आलीत. म्हणजे डेव्हलपर ठीक असावा आणि एक्स्पोजरच (फिल्मवर पडलेला उजेड) कमी पडलं असावं, असा माझा अंदाज. बरोबर आहे का?

मला संशय सेलवर आहे. कॅमेरा १.३५ व्होल्टच्या मर्क्युरी सेलसाठी बनलेला, आणि तो आता मिळत नाही म्हणून मी १.५ व्होल्टचा अल्कलाइन घातलाय. त्यामुळे कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर उजेड जास्त दाखवत असेल का? हिअरिंग एडचा झिंक-एअर सेल बसवून कोणी वापरलाय? किती दिवस टिकतो? की सरळ मीटरवर आयएसओ (फिल्मचा वेग) ४००ऐवजी २०० लावून, म्हणजे जास्त एक्स्पोजर देऊन, मोकळं व्हावं?

जाता जाता : जुन्या फोटो पेपरचं उघडं पाकीटही घेतलंय. सेफलाइट (डार्करूमचा लाल दिवा) न लावता, पूर्ण अंधारात एक तुकडा डेव्हलप केला तरी करडा झाला. काही उपाय आहे, की फेकूनच द्यावं?