न्यूरोफीडबॅक: थीटा सारखा उसळतोय

प्रश्न (विश्रामबाग, सांगली): नऊ वर्षांच्या मुलाचं लक्ष टिकावं (एडीएचडी) म्हणून थीटा-बीटा ट्रेनिंग घेतेय: मेंदूची संथ लहर (थीटा) कमी आणि जलद लहर (बीटा) जास्त झाली की स्क्रीनवरचा खेळ पुढे सरकतो. इलेक्ट्रोड सीझेडवर, म्हणजे डोक्यावर मधोमध. थीटा मध्येच उसळतो, खेळ अडकतो. काय चुकतंय?

– ताई, आधी डोक्याचं तेल बघा. आदल्या रात्री शाम्पू, नंतर तेल नाही. केस बाजूला सारून त्वचा जेलने हलकी घासा, मग पेस्ट. इम्पिडन्स (त्वचा आणि इलेक्ट्रोडमधला विजेचा अडथळा) ५ किलोओहमच्या खाली हवा, कानाला लावलेल्या क्लिपांचाही.

– पापणी लवली की थीटा खोटाच फुगतो, दात आवळले की बीटा. मग मूल दात आवळूनच गुण मिळवायला शिकतं! स्क्रीनवर कच्ची (न गाळलेली) लहर बघत राहा. लॅपटॉपचा चार्जर काढा, घरच्या विजेचा ५० हर्ट्झचा गोंगाट कमी होतो.

– साधारण ३०-४० सत्रं लागतात. पण ज्या अभ्यासांत कोणत्या मुलाला कोणता उपचार मिळाला हे माहीत नसलेल्यांनी मुलांना तपासलं, तिथे फायदा फारसा दिसलेला नाही. कळकळीने सांगते, डॉक्टरांची गोळी परस्पर थांबवू नका.