मदत हवी आहे: ऊन नसलेल्या गावात जलरंगात रस्ते कसे रंगवायचे?

मंडळी, ऑक्टोबरअखेर एडिंबराला लेकीकडे जातोय. ती दिवसभर कॉलेजात, म्हणजे मी आणि रंगपेटी मोकळे.

हात कोल्हापुरात बसलाय, हीच पंचाईत. आबालाल रहिमानांची कोटितीर्थ तळ्याची चित्रं बघत वाढलोय, आणि दर रविवारी आमचा कंपू भवानी मंडपात नाहीतर पंचगंगेच्या घाटावर असतो. इथं निम्मं चित्र ऊनच काढून देतं. नवा राजवाडा काळ्या दगडाचा, तरी उन्हाच्या कडेला कागद कोरा सोडला आणि सावलीत अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सायना तपकिरी मिसळून एक हात मारला की दगड उभा राहतो. एडिंबराच्या जुन्या भागातला वालुकाश्मही कोळशाच्या धुरानं काळवंडलेला. पण लेकीच्या फोटोंत आभाळ पांढरंफटक, सावली औषधालाही नाही. रॉयल माइलवरची घरं सगळी एकच करडी. यात उठाव आणायचा कशानं? आभाळ कोरं ठेवून छपरांची आणि धुराड्यांची कड पकडायची, ओल्या फरशीतलं प्रतिबिंब घ्यायचं, इथवर सुचलंय. व्हिक्टोरिया स्ट्रीटवर रंगीत दुकानांची रांगच आहे. मला वाटतं त्यातलं एकच भडक ठेवावं, बाकीची दाबावीत. कुणी करून पाहिलंय का?

दुसरं, वाळण्याचं. एप्रिलात इथं आभाळाचा वॉश (पातळ रंगाचा सलग हात) खाली पोचेस्तोवर वरचा सुकलेला असतो. पावसाळ्यात रंकाळ्यावर उलटं: कागद मांडीवर ओलाच, दुसरा थर घातला की रंग पसरून फुलांसारखे डाग फुटतात. तिथं थंडी आणि दमट हवा दोन्ही. वाट बघत बसायलाही वेळ नाही, कारण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं तासभर मागं जातात आणि मग पाचच्या आत सूर्य मावळतो. ३०० जीएसएमचा (जाड) कॉटन कागद ओल फार धरतो. तो इथंच ठेवून साधा कागद न्यावा, शाईनं रेघ पक्की करून रंगाचा एकच थर द्यावा, की दोन छोटे ब्लॉक (कडा चिकटवलेले कागदाचे गठ्ठे) आलटूनपालटून चालवावेत?

सामानाची काळजी नाही. ट्यूबा पॅनमध्ये पिळून सुकवल्यात, त्यामुळं विमानात हातातल्या सामानात द्रवाच्या १०० मिली मर्यादेची भानगड नाही. कटर चेक-इनमध्ये.

फक्त 'फोटो काढा आणि घरी येऊन निवांत रंगवा' एवढं सांगू नका. ते घरातनं रोज ऐकतोय.