गणितप्रमुख नेमला, पण त्याला काम काय द्यायचे? (दोन शिक्षकी शाळा, तिसरी-चौथी एकत्र)

पाटीपेन्सिल, सत्तरी

गोव्यातली मराठी माध्यमाची सरकारी प्राथमिक शाळा. तिसरी आणि चौथी एकाच खोलीत, मिळून १७ मुले. यंदा विद्यार्थी मंत्रिमंडळात ‘गणितप्रमुख’ हे नवे पद काढले आहे. सध्या तो पाढे म्हणवून घेतो, वह्या गोळा करतो आणि गडबड करणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहितो. यात गणित कुठेच नाही, आणि बाकीची मुले त्याला धाकटा मास्तर समजून वैतागली आहेत.

वर्गाची दुखणी दोन. सहा मुले ४२ − १७ चे उत्तर ३५ लिहितात. चौघांना ‘सदतीस’ सांगितले की ७३ लिहितात. पालकसभेला पाच-सहा जण येतात आणि ‘आमचा कितवा?’ एवढेच विचारतात.

प्रमुखाला खरे काम काय देता येईल? आणि पालकांना या दोन चुकांत कसे सामील करून घ्यायचे? वेगळा निधी नाही.

हीरजुडी, डिचोली

आधी चुका, मग पद. ३५ लिहिणारी मुले निष्काळजी नसतात. ती प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करतात: ७ मधून २ गेले, ५; ४ मधून १ गेला, ३. ‘हातचा घ्यायला विसरलास’ म्हणून काही उपयोग नाही, कारण त्यांच्या डोक्यात हातचा नाहीच. ४२ म्हणजे त्यांना ४ आणि २ असे दोन शेजारी दिसतात.

माडाच्या हिरांची (पातींतल्या काड्यांची) एक साळण, म्हणजे झाडू, घ्या. प्रत्येक हिराचे जाड बाजूने बोटभर लांबीचे चार-पाच तुकडे पडतात. चार-चार मुलांच्या एका गटाला १२० काड्या लागतात: दहा-दहाच्या दहा जुड्या आणि २० सुट्या. चार गटांचे एका साळणीत होऊन जाते. जुडीला साधे रबर लावू नका. पावसात ते चिकट होऊन तुटते, आणि जुडी नऊची झाली की सगळा खेळ फसतो. केसांना लावायची कापडी रबरे टिकतात, पटकन सुटतातही. जूनमध्ये हिरांवर बुरशी धरते, म्हणून पत्र्याच्या डब्यात ठेवा.

४२ म्हणजे चार जुड्या, दोन सुट्या. सात सुट्या काढ म्हटले की मूल अडते. तिथे गप्प राहायचे. ते आपण होऊन एक जुडी सोडते: तीन जुड्या, बारा सुट्या. त्यातून सात काढल्या, पाच उरल्या. एक जुडी काढली, दोन उरल्या. २५. वहीत लिहिणे यानंतर, आणि पहिले आठ-दहा दिवस काड्या आणि वही शेजारी-शेजारी. काड्या लवकर उचलून ठेवल्या की मुले पुन्हा ३५ वर येतात.

आता प्रमुखाचे काम. गटात तो फक्त तीन वाक्ये बोलेल: ‘काड्यांनी दाखव’, ‘कसं काढलंस?’, ‘दुसऱ्या रीतीनं येतं का?’ आणि त्याच्या हातात पेन्सिल नको. हा नियम क्षुल्लक वाटतो, पण पेन्सिल हातात असली की तो दुसऱ्याच्या वहीत उत्तर लिहून मोकळा होतो. प्रमुख दर सोमवारी बदला आणि हुशार मुलांपासून सुरुवात करू नका. कालपर्यंत ३५ लिहिणारे मूल आज जुडी का सोडायची ते जास्त नीट विचारते. नावे लिहिण्याचे काम मात्र आजच बंद करा.

ओटीवरचा, पेडणे

वरच्याला अनुमोदन. पण नुसते गटात प्रश्न विचारत फिरणे मुलांना दोन आठवड्यांत कंटाळवाणे होते. प्रमुखाला असा आकडा द्या ज्याच्यावर कोणाचे तरी काम अडले आहे.

सर्वांत सोपा माध्यान्ह आहाराचा. हजेरी झाली की प्रमुख अख्ख्या शाळेची मुले मोजतो आणि पाव किती लागतील ते पाटीवर लिहून देतो. २७ हजर, प्रत्येकी दोन धरले तर ५४. पाव आले की तोच मोजून घेतो. फरक पडला तर फरकही तोच लिहितो: आले ५२, कमी २. वजाबाकीला यापेक्षा चांगले निमित्त नाही, कारण एक मूल ताटकळत उभे असते. शिक्षकांनी आकडा आधी मनात काढून ठेवावा, पण बोलू नये.

दुसरे पाऊस मोजणे. उभ्या सरळ बाजूंची प्लॅस्टिकची बाटली घ्या. खांदा जिथे सुरू होतो तिथे कापा आणि वरचा तुकडा उलटा नरसाळ्यासारखा बसवा. बहुतेक बाटल्यांचा तळ पाकळ्यांसारखा वरखाली असतो. तसेच मोजले तर रोज चूक येते. तळात खडे टाका, बाजू सरळ होईपर्यंत पाणी भरा, तिथे शून्याची खूण करा आणि शून्यापासून वर मिलिमीटरची कागदी पट्टी पारदर्शक टेपखाली चिकटवा. बाटली पागोळ्यांखाली नको, माडाखाली तर नकोच. रोज सकाळी साडेआठला वाचायची. हवामान खातेही चोवीस तासांचा पाऊस साडेआठलाच मोजते. वाचून झाले की बाटली ओतून पुन्हा शून्याच्या खुणेपर्यंत पाणी.

दोन ठिकाणी घोळ होतो. सोमवारचा आकडा शनिवार सकाळपासूनचा असतो. तो ‘दोन दिवसांचा’ असाच लिहायचा. निम्मा करून दोन्ही दिवसांत वाटला तर ते मोजणे झाले नाही, अंदाज झाला. आणि जुलैत एखाद्या दिवशी बाटली भरून वाहते. जोराचा पाऊस असेल तर शाळा सुटतानाही वाचून ओता आणि दुसऱ्या सकाळच्या आकड्यात मिळवा. हातच्याची बेरीज आपोआप येते. चौथीची मुले यावरून स्तंभालेख काढतात. एका चौकटीला १० मि.मी. धरा, नाहीतर कागद पुरत नाही.

सांजवात, फोंडा

‘सदतीस’चे सांगते. मराठी आणि कोकणी दोन्हींत आधी एकक बोलतो, मग दशक: सद-तीस. लिहिताना आधी दशक. म्हणून ऐकल्या क्रमाने लिहिणारे मूल ७३ लिहिते. इंग्रजी बालवाडीतून आलेल्यांना उलट सवय असते. घरी कन्नड असेल तर तिथेही दशक आधी येते: इप्पत्तैदु म्हणजे वीस-पाच. तुमची ती चार मुले कुठली आहेत ते आधी बघा. उपाय एकच आहे: संख्या ऐकली की आधी जुड्या उचलायच्या, मग सुट्या, मग लिहायचे. तीन जुड्या आधी हातात आल्या की ३ आधी लिहिला जातो.

‘एकोण’ वेगळे शिकवा. एकोणचाळीस ऐकून ४९ लिहिणे ही वेगळी चूक आहे. चार जुड्या ठेवून एक काडी काढून घ्यायला लावा, ३९ समोर दिसतो. १९ ते ८९ सगळीकडे एकोण चालते, ९९ मात्र नव्याण्णव. हे मुलांनाच शोधू द्या.

आता पालक. ‘कितवा?’ हा प्रश्न येतो कारण सभेत दुसरे विचारण्यासारखे काही नसते. शिक्षक बोलतात, पालक ऐकतात. त्याऐवजी ४० मिनिटांत चार मेजे लावा आणि प्रत्येकावर चौथीची दोन मुले बसवा: जुड्यांची वजाबाकी, एकोणचे आकडे, पावसाची बाटली, सुटे पैसे. आठ-आठ मिनिटांनी घंटा. सूचना मुलेच देतात, करायचे पालकांनी. ४०३ − ५८ हिरांनी करायला सांगा, जुड्या दहा-दहाच्या पिशवीत भरून. शून्य आले की बापेही थबकतात, आणि मुलाला ते कठीण का जाते ते न सांगता कळते.

गुणांची यादी त्या दिवशी भिंतीवर लावू नका. ज्यांचे मूल तळाला असते ते पुढच्या सभेला येत नाहीत, आणि आपल्याला तेच हवे असतात. वेळ कारखान्यांच्या पाळ्या बघून ठरवा, आणि चतुर्थीच्या आधीच्या पंधरवड्यात तर बोलावूच नका. निरोप व्हॉट्सॲपवर लिहून नको, आवाजात पाठवा. सगळ्यांना मराठी वाचता येतेच असे नाही.

घरी शिकवायला सांगू नका. पालकांची हातच्याची रीत वेगळी असते आणि मूल दोन्हींत लटकते. रोज दहा मिनिटे फक्त विचारायचे. दुकानात ३४ रुपयांचे सामान झाले, ५० दिले, परत किती? मूल ३४ वरून ६ पुढे जाऊन ४०, मग १० असे मोजेल, मोजू द्या. सगळे जीपेने देतात म्हणून मुलांनी सुटे पैसे पाहिलेलेच नसतात. आठवड्यातून एकदा तरी रोख द्यायला सांगा. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार त्यासाठी उत्तम.

पाटीपेन्सिल, सत्तरी

उद्यापासून पाव मोजणे सुरू. दोन शंका. हिरांच्या जागी काजूच्या बिया चालतील का? एका पालकांकडे पोतेभर आहेत. आणि चौथीत ४०३ − ५८ चे उत्तर तिघांनी ३५५ लिहिले आहे, ते काय?

हीरजुडी, डिचोली

काजूच्या बिया अजिबात नकोत. कच्च्या बीच्या सालीतले तेल कातडी जाळते, आणि मुले हात तोंडात घालतात. सुट्या मोजायला चिंचोके घ्या. पण जुडी बांधता येत नाही, म्हणून दशकाला हीरच.

३५५ चे उत्तर एक असले तरी चुका दोन असू शकतात. एका मुलाने शतक सोडून शून्याचे दहा केले, त्यातले एक दशक एककाला दिले, पण दहाचे नऊ करायला विसरले: १० − ५ = ५. दुसऱ्याने शतकातून थेट एककाला दिले, मधले शून्य तसेच राहिले, आणि ० मधून ५ जाईना म्हणून उलटे ५ लिहिले. वहीवरून फरक कळणार नाही. तिघांना वेगवेगळे बसवा, पिशव्या आणि जुड्या द्या आणि पिशवी सोडल्यावर पुढची काडी कुठून उचलतात ते बघा. पहिल्याला नऊ जुड्या मोजायला लावल्या की पुरते. दुसऱ्याला मात्र पुन्हा ४२ − १७ पासून.